प्रकाश कुठे निघाला आहे

मार्चमधल्या एका दुपारी आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलाशी आली. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली. डावीकडे अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या कॅमेऱ्यानं टिपलेला अरबी समुद्र, उजवीकडे तोच समुद्र, त्याच दिवसाचा, पण तिनं लिबरॅडट्रान या सॉफ्टवेअरमधून मोजून काढलेला. दिवस निरभ्र होता, ढगाचा ठिपका नव्हता. उपग्रह कोकण किनाऱ्यापासून तीनेकशे किलोमीटर आतून, दक्षिणेकडून उत्तरेला गेला होता. खऱ्या चित्रात त्याच्या वाटेच्या पश्चिमेला, खोल समुद्रावर, सूर्याच्या चकाकीचा लांबट पांढुरका पट्टा होता. तिच्या चित्रातही पट्टा होता. रुंदी तेवढीच, कडेला विरत जाणारा उजळपणा तसाच. फक्त तो वाटेच्या पूर्वेला, थेट रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्याला चिकटून पडला होता. "मॅडम, एरर काहीच येत नाहीये," ती म्हणाली. आवाजात तक्रारीपेक्षा काळजी जास्त होती. "मधल्या पट्ट्यात आकडे छान जुळतात. बाजूला गेलं की बिघडतात."

ते चित्र मला रात्री घरी स्वयंपाक करतानाही दिसत राहिलं. चकाकी चुकीच्या बाजूला पडली याचं फार नवल नव्हतं. या कामात सगळ्यांनाच कधी ना कधी हे दिसतं. बोचत होतं ते दुसरंच. चित्र देखणं होतं. समुद्र नसता, खाली जमीन असती, तर चकाकीच नसती आणि तेच चुकलेलं चित्र कुणाच्याही डोळ्यांखालून सहज निघून गेलं असतं. वातावरणातून प्रकाश कसा जातो हे मोजणारी सॉफ्टवेअर्स कोन मागतात आणि दिलेला कोन निमूट घेतात. ० ते ३६० मधला कुठलाही आकडा त्यांना चालतो. सूर्य कुठे, उपग्रह कुठे, हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी पुणंही नाही आणि समुद्रही नाही, आहेत ते फक्त थर आणि कोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिची इनपुट फाइल उघडली. मोडिसच्या भौगोलिक फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी चार कोन येतात: सूर्याचा झेनिथ आणि अझिमथ, उपग्रहाचा झेनिथ आणि अझिमथ. झेनिथ म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून किती कललंय, अझिमथ म्हणजे आडवी दिशा. आकडे पूर्णांकात साठवलेले असतात, त्यांना ०.०१ नं गुणायचं. तेवढं तिनं नीट केलं होतं. दोन्ही अझिमथ उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजलेले, दोन्ही जमिनीवरच्या ठिपक्यापाशी उभं राहून: इथून पाहिलं तर सूर्य अमुक दिशेला, उपग्रह तमुक दिशेला. सरळ, कुणालाही पटेल असा हिशोब. तिनं ते दोन आकडे उचलले आणि लिबरॅडट्रानच्या फाय-झीरो आणि फाय या दोन ओळींत ठेवून दिले. आता त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडा. फायच्या ओळीखाली लिहिलंय: उपग्रह उत्तरेला असेल तर ०, पूर्वेला असेल तर ९०. इथवर जुळतं. फाय-झीरोच्या ओळीखाली मात्र सूर्य दक्षिणेला असेल तर ०, पश्चिमेला असेल तर ९०. म्हणजे उपग्रह उत्तरेपासून मोजायचा आणि सूर्य दक्षिणेपासून. दोघांमधल्या फरकात सरळ १८० अंश घुसतात, आणि पश्चिमेची चकाकी पूर्वेला जाते.

तिच्या चेहऱ्यावर राग आला तो मला आवडला. "असं का करतात हे लोक?"

याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं, म्हणूनच हा लेख लिहितेय. पुस्तिकेतली ती दोन वाक्यं विसंगत वाटतात, कारण आपण वस्तू कुठे आहे ते विचारतो. सॉफ्टवेअर विचारतं, प्रकाश कुठे निघाला आहे. सूर्य दक्षिणेला असेल तर त्याचे किरण उत्तरेकडे धावतात, म्हणून ०. सूर्य पश्चिमेला असेल तर किरण पूर्वेकडे, म्हणून ९०. आणि उपग्रह उत्तरेला असेल तर त्याच्याकडे पोचणारा प्रकाश उत्तरेकडेच निघालेला असणार, म्हणून तोही ०. एकच नियम, दोन्हीकडे सारखा लावलेला. उभ्या कोनाचंही तेच. यूएमयू नावाचा आकडा धन असेल तर प्रकाश वर चालला आहे, म्हणजे पाहणारा वरून खाली बघतोय. ऋण असेल तर प्रकाश खाली येतोय, म्हणजे जमिनीवरून कुणीतरी आकाशाकडे बघतोय. उपग्रह खाली बघतो म्हणून तिथे ऋण चिन्ह घालावं असं पहिल्यांदा प्रत्येकाच्या मनात येतं. या सगळ्याच्या पोटात डिसॉर्ट हे १९८८ साली प्रसिद्ध झालेलं गणित आहे. प्रकाश थराथरांतून कसा विखुरतो याचं समीकरण ते सोडवतं, आणि त्या समीकरणात नजर नावाची गोष्टच नाही. तिथे सगळं प्रवाहाचं आहे. बर्नहार्ड मायर आणि अर्व्हे किलिंग यांनी लिबरॅडट्रानवर २००५ साली जो सविस्तर लेख लिहिला, तो वाचताना जाणवतं की ही माणसं प्रकाशाच्या बाजूनं विचार करायला पूर्ण सरावली आहेत. फाय आणि फाय-झीरो सारखे असतील तर आपण सूर्याकडे तोंड करून बघतोय, हे त्यांना सांगावंही लागत नाही. तरी त्यांनी ते लिहून ठेवलंय, याबद्दल मी मनातल्या मनात अनेकदा त्यांचे आभार मानलेत.

हवामानाच्या लोकांना हा पेच नवा नसावा खरं तर. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यांचं नाव त्यांच्या येण्यावरून पडलंय. समुद्राच्या प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो तिकडची सांगतात. एकाच होडीतल्या माणसाला वारा आणि पाणी उलट्या रीतीनं सांगावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्यात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण दोन्ही त्याच्या अंगाला लागतात. कोनांचे आकडे अंगाला लागत नाहीत.

मधल्या पट्ट्यात आकडे का जुळत होते, हे तिला कागदावर करून दाखवलं. प्रकाश किती अंशांतून वळला हे काढण्याच्या सूत्रात दोन पदं असतात. अझिमथ फक्त दुसऱ्या पदात येतो, आणि त्याला उपग्रहाच्या झेनिथ कोनाच्या साइननं गुणलेलं असतं. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर ती साइन शून्य, आणि अझिमथमध्ये काहीही लिहा, उत्तर बदलत नाही. आणि आपण सगळे चाचणी कुठे करतो? मध्यभागी. सोपं म्हणून, स्वच्छ म्हणून. मग कडेला जा. समजा सूर्य ४० अंश कललेला आहे, उपग्रह ५० अंश, आणि दोघं एकाच बाजूला आहेत. प्रकाश जवळजवळ आल्या पावली परत फिरतो, १७० अंशांतून. अझिमथमध्ये १८० ची चूक झाली की तोच कोन ९० अंश होतो. स्वच्छ हवेचे रेणू ज्या रीतीनं प्रकाश विखुरतात त्या रॅलेच्या नियमात ९० अंशांपेक्षा १७० अंशांना जवळपास दुप्पट प्रकाश मिळतो. दुप्पट! सॉफ्टवेअर मात्र दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे उत्तर देतं. मग कुणीतरी निळ्या पट्ट्यातला हा फरक हवेतल्या धुळीच्या खात्यावर टाकतो, उपग्रहाच्या चित्राच्या एका बाजूला प्रदूषण वाढतं, दुसऱ्या बाजूला घटतं, आणि खाली राहणाऱ्या माणसांना याचा पत्ताही नसतो. गंगेच्या मैदानावरच्या धुरक्याबद्दल बोलताना आपण ज्या आकड्यांवर विसंबतो ते अशाच हिशोबांतून येतात. म्हणून मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

कोन मी पुस्तकात शिकायच्या आधी गच्चीवर शिकले होते. पुण्यात आमच्या लहानपणी टीव्हीचे अँटेना सगळे सिंहगडाकडे तोंड करून असायचे, कारण दूरदर्शनचा मनोरा गडावर. वाड्याच्या कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे ते सांगाडे नैर्ऋत्येला बघत उभे. कावळा बसला की चित्रात मुंग्या. मग काका वर चढायचे, आम्ही मुलं जिन्यात साखळीसारखी उभी, आणि आवाज वरखाली व्हायचे: "आलं का?" "नाही आलं!" "आता?" "थोडं होतं, गेलं!" पुढे छत्र्या आल्या आणि अख्ख्या गल्लीनं मान वळवली. सिंहगड सुटला, सगळ्या थाळ्या आग्नेयेच्या आकाशाकडे. छत्री बसवायला येणारा माणूस दोनच गोष्टी हलवायचा, आधी आडवी, मग उभी. आडवं फिरवताना तो खिशातली छोटी होकायंत्राची डबी काढायचा, आणि उभ्यासाठी पान्यानं नट अर्धा फेरा सैल करून थाळी बोटभर खाली दाबायचा. त्याच्या बोटांना अझिमथ आणि एलेव्हेशन ठाऊक होतं. तो उपग्रह कधी कुणाला दिसला नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला तो कुठे आहे हे माहीत होतं.

म्हणून मी त्या मुलीला गच्चीवर नेलं. तीन वाजायला आले होते, डांबराच्या पट्ट्यांना ऊन लागून त्यांचा वास सुटला होता, आणि पाण्याच्या टाकीची सावली पूर्वेकडे सरकलेली. तिला दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. इन्सॅट-३डी या हवामान उपग्रहासाठी २०१३ पासून राखलेली जागा ८२ अंश पूर्व रेखांशावर आहे, ज्या साडेब्याऐंशी अंशांवर आपली घड्याळं लावलेली असतात त्याच्या जवळजवळ डोक्यावर. पुण्याहून ती जागा दक्षिणेच्या जरा डावीकडे, उत्तरेपासून मोजलं तर १५६ अंशांवर, आणि क्षितिजापासून ६६ अंश उंच दिसायला हवी. "डावा हात तिकडे. अजून वर. अजून थोडा." उजवा हात सूर्याकडे, पश्चिम आणि नैर्ऋत्य यांच्या मध्ये. ती तशी उभी राहिली, डोळे मिटलेले, कारण ऊन थेट तोंडावर. "आता उजव्या हातानं प्रकाश तुझ्यापर्यंत येतोय, आणि डाव्या हातानं निघून चाललाय. हातांमधला कोन बघ." अंदाजे ४५ अंश होता. म्हणजे तिच्या पायाशी येऊन प्रकाश १३५ अंशांतून वळत होता.

तिनं हात खाली न आणताच विचारलं, "पण मॅडम, अझिमथचा फरक तर जवळपास नव्वद आलाय. नव्वदमध्ये एकशेऐंशी मिळवले तर दोनशे सत्तर. कोसाइन दोन्हीचा शून्य. मग या वेळेला चूक कळलीच नसती की!"

नसती कळली. मला हे सुचलं नव्हतं. मी तिला फक्त हात वर करायला लावले होते. मार्चमध्ये दुपारी तीनला पुण्यावरून या उपग्रहाचा हिशोब कुणी पडताळून पाहिला तर चुकीची आणि बरोबर दोन्ही फाइली जवळजवळ तेच उत्तर देतील. सकाळी किंवा संध्याकाळी पाहिलं तर दोघी वेगळं बोलतील. तिचा तो प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो अजून टिकून आहे.

जिना उतरताना बोलणं उभ्या कोनाकडे वळलं. तिथला गोंधळ अधिक चोरटा आहे, कारण त्यात १८० अंशांची धडधडीत उलटापालट नसते. मोडिस मूळच्या ७०५ किलोमीटरच्या कक्षेतून दोन्ही बाजूंना ५५ अंशांपर्यंत बघतं. हा कोन उपग्रहापाशी मोजलेला. पण पृथ्वी गोल आहे, आणि तोच किरण जमिनीवर टेकतो तिथे उभं राहून वर पाहिलं तर उपग्रह डोक्यावरून साडेपासष्ट अंश कललेला दिसतो. वातावरणाचा माथा १०० किलोमीटरवर धरला तर तिथे तोच कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या थोडा पुढे. एकाच किरणाचे तीन कोन, आणि तिन्ही खरे. कुठल्या सॉफ्टवेअरला कुठला हवा, हे प्रत्येकाचं वेगळं. मॉडट्रान पाहणाऱ्यापाशी उभं राहून विचारतं आणि कोन थेट वरच्या दिशेपासून मोजतं, म्हणून सरळ खाली बघणाऱ्या उपग्रहासाठी तिथे १८० लिहावं लागतं. सिक्स-एसला जमिनीवरचा झेनिथ हवा, तिथे तोच सरळ खाली बघणारा उपग्रह ० होतो. आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, इन्सॅटसारख्या भूस्थिर उपग्रहांत तर हा फरक विलक्षण. छत्तीस हजार किलोमीटरवरून अख्खी पृथ्वी मध्यापासून कडेपर्यंत ८.७ अंशांत मावते. पुणं तिथून साडेतीन अंश कललेलं दिसतं, आणि पुण्यातून तो उपग्रह पावणेचोवीस अंश. एखाद्यानं साडेतीन लिहिलं तर सॉफ्टवेअर काय म्हणेल? काही नाही. साडेतीन हा अगदी शहाणा आकडा दिसतो. त्यात इन्सॅटच्या फाइलमध्ये झेनिथऐवजी एलेव्हेशन येतं, क्षितिजापासून मोजलेलं, ते ९० मधून वजा करायचं राहिलं की पावणेचोवीसचे सहासष्ट होतात. दोन्ही चालून जातात.

लिबरॅडट्रानमध्ये सूर्याचा शून्य दक्षिणेला पडतो हे मी मागे प्रकाशाच्या वाटेवरून सांगितलं. पण म्युनिकसारख्या शहरात बसून हे मोजताना तो शून्य रोजच्या अनुभवाशीही छान जुळत असणार, कारण ४८ अंश उत्तरेवर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. आपल्याकडे तसं नाही. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जूनमध्ये भर दुपारी खिडकीच्या उत्तरेकडच्या पट्टीवर ऊन येतं हे आमच्या आजीला पाठ होतं. पापड कुठे वाळत घालायचे ते ती त्यावरून ठरवायची. सॉफ्टवेअरला याचं वावडं काहीच नाही, पण आपण स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला हे गृहीत कुठेतरी शिरलेलं असतं. आणि शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास अझिमथ काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उडी मारतो. त्या उडीवरून सरासरी काढणारे बिचारे खूप असतात. ३५९ आणि १ यांची साधी सरासरी १८०, म्हणजे उत्तरेला बघणाऱ्या दोन आकड्यांमधून दक्षिण निघते. साइन आणि कोसाइन यांची वेगवेगळी सरासरी घेऊन कोन परत काढला की हे मिटतं. साधी गोष्ट, पण ती न केल्यामुळे ओळीच्या ओळी बिघडलेल्या मी पाहिल्यात.

समुद्राची चकाकी मात्र खोटं बोलत नाही. म्हणून भूमितीबद्दल शंका आली की मी आधी समुद्रावर जाते. कॉक्स आणि मंक यांनी हवाईजवळ विमानातून समुद्रावरच्या चकाकीचे फोटो काढले आणि १९५४ साली त्यावरून सांगितलं की वाऱ्याच्या वेगाप्रमाणे लाटांचा उतार किती पसरतो. ते नातं आजही या सॉफ्टवेअर्समध्ये आहे. सूर्य पश्चिमेला ३० अंश कललेला ठेवायचा, वारा सेकंदाला पाच मीटर, आणि उपग्रह पूर्वेला ३० अंश. आरशासारखं, चकाकी तिथेच हवी. मग उपग्रह उचलून पश्चिमेला ठेवायचा, चकाकी गेली पाहिजे. दोन रन, चहा निवायच्या आत होतात. या जोडीत आकडा आला आणि तो फारच कमी वाटला, तर झेड-आउटची, म्हणजे उत्तर कुठल्या उंचीवरचं हवं ते सांगणारी ओळ बघायची. ती लिहिली नसेल तर लिबरॅडट्रान उत्तर जमिनीच्या पातळीवरचं देतं, आणि वर पाठवलेला उपग्रह प्रत्यक्षात वाळूत उभा असतो, मधलं सगळं वातावरण न बघता.

तिची फाइल त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. फाय-झीरोमधून १८० वजा केले, ऋण आलं तिथे ३६० मिळवले. आता तिनं ध्रुवणाचं, म्हणजे प्रकाशाची लाट कुठल्या दिशेत थरथरते त्याचं काम घेतलंय. तिथे तीव्रतेबरोबर क्यू आणि यू असे आणखी दोन आकडे येतात, आणि अझिमथ घड्याळाच्या दिशेनं मोजला की उलट, यावर यूचं चिन्ह ठरतं. तीव्रतेला त्याचा काहीच फरक पडत नाही, त्यामुळे चकाकी इथे साक्ष द्यायला येणार नाही. गेल्या आठवड्यात दोन सॉफ्टवेअर्समधून तिनं तीच परिस्थिती मोजली. क्यू जुळला, यू उलट आला. ती म्हणते लिबरॅडट्रानचं बरोबर, मला अजून खात्री नाही. सोमवारी दोघींनी मिळून एकदा हातानं, एकाच विखुरण्यासाठी, कागदावर सोडवायचं ठरवलंय.